भिंत नसलेल्या पाण्यात ७५० मीटर: पहिल्या स्प्रिंट ट्रायथलॉनची तयारी, नागपुरातून

७५० मीटर म्हणजे २५ मीटरचा पूल तीस वेळा पार करणं. माझ्या सकाळच्या बॅचमधली निम्मी मंडळी एवढं पोहून, आंघोळ उरकून वेळेत ऑफिसला पोचतात. तरी स्प्रिंट ट्रायथलॉनचा, म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग पळणं अशा सलग स्पर्धेचा, फॉर्म भरला की दोन-तीन दिवसांत फोन येतोच. "मॅडम, २० किलोमीटर सायकल होऊन जाईल, ५ किलोमीटर पळूनही घेईन. पण ते तलावाचं काय करायचं?"

अंतराची काळजी सोडा. पूलमध्ये दर २५ मीटरला भिंत येते. तिला पाय लावून जोर घेतला की चार-पाच मीटर फुकटात सरकता, वळताना एक मोठा श्वासही मिळतो. तळाला काळी रेघ असते, ती सरळ नेते. दम लागला तर लेनची दोरी धरता येते. तलावात यातलं काहीच नाही, वरून आजूबाजूला पाच-पन्नास माणसं एकदम हातपाय मारत असतात. मग पहिल्या शंभर मीटरांतच श्वास वर चढतो, आणि चढलेला श्वास घेऊन उरलेलं साडेसहाशे मीटर पोहणं म्हणजे नुसते हाल. त्यामुळे स्पर्धेला आठ आठवडे असले तर त्यातला मोठा वाटा मी त्या पहिल्या शंभर मीटरांवर घालवते. खाली लिहिलंय ते सगळं त्यासाठीच आहे.

त्याआधी डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगरची गोळी चालू असेल, घरात कुणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल, तर ईसीजी आणि डॉक्टर म्हणतील त्या तपासण्या करूनच माझ्याकडे या. ट्रायथलॉनमध्ये जे मृत्यू होतात त्यांतले बहुतेक पोहण्याच्या टप्प्यात होतात, आणि त्यामागे बऱ्याचदा हृदय असतं. यावर मी कुणाशी हुज्जत घालत नाही, बॅचमध्ये घेतच नाही.

विहिरीतले आणि पूलमधले

माझ्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. एक, गावाकडे विहिरीत शिकलेले. पाठीला वाळका भोपळा नाही तर रिकामा डबा बांधून काकानं वरून ढकलून दिलेले. यांना खोल पाण्याचं भय नाही, गढूळ पाण्याचं तर नाहीच. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "यात शिकायचं काय आहे बाप्पा?" आणि धाडकन उडी मारून पूल पार करून आले. पण डोकं सगळा वेळ पाण्याबाहेर. विहिरीत तेच बरं असतं, चार पोट्टे अंगावर उड्या मारत असतात, समोर बघावंच लागतं. लांब पोहताना मात्र डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, तराजूचं पारडं जातं तसे. शंभर मीटरला मान आखडते, दोनशेला खांदे भरून येतात. अशा माणसाला नवीन स्ट्रोक शिकवायच्या भानगडीत मी पडत नाही. तोंड पाण्यात, नजर तळाकडे, आणि श्वास घ्यायला मान उचलायची नाही, अंगासोबत बाजूला वळवायची, एवढंच. काटोलच्या काकांना तेवढ्यालाच महिना लागला, पण तलावात ते सगळ्यांच्या पुढे होते.

दुसरे, तिशी-चाळिशीत पूलमध्ये शिकलेले. यांचा स्ट्रोक बघण्यासारखा असतो. बॅचमधल्या एक शिक्षिका पूलमध्ये सलग हजार मीटर आरामात पोहायच्या. तलावात काठापासून वीस मीटरवर थांबल्या आणि ओरडल्या, "मॅडम, तळ दिसूनच नाही राहिला ना!" दिसणार कसा? आपल्याकडची माती काळी. पाऊस संपून महिना उलटला तरी बऱ्याच तलावांत हात पुढे केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. पोहता येत असूनही माणूस तिथे थिजतो. यांचं काम पूलमध्येच सुरू होतं.

पूलमध्ये काय करायचं

सगळ्यात आधी हवा सोडणं. नवशिक्यांना वाटतं, आपल्याला श्वास घेता येत नाही. खरं म्हणजे आधीची हवा बाहेर गेलेली नसते, म्हणून नवी आत जात नाही आणि छाती गच्च होते. तोंड पाण्यात असेपर्यंत नाकातून 'हुंऽऽ' करत राहा. आवाज काढला की हवा आपोआप बारीक धारेनं, लांबवर जाते. कानाला बुडबुड ऐकू येत राहिली पाहिजे. ती थांबली म्हणजे तुम्ही श्वास कोंडलाय. पूलच्या कडेला धरून, मग पाच-दहा मीटर, मग पूर्ण लांबी, असं हे रोज सुरुवातीला करा. श्वास रोखून पाण्याखालून जास्तीत जास्त लांब जायचे खेळ मात्र बंद. त्यात पाण्याखालीच शुद्ध जाते आणि वरच्या माणसाला कळतही नाही.

मग अंतर. तलावात ७५० सुखाचं व्हायचं असेल तर पूलमध्ये १,००० ते १,२०० मीटर न थांबता झालं पाहिजे, कारण भिंतीचे फुकट मीटर वजा होतात आणि तलावात कुणीही अगदी सरळ पोहत नाही. आठवड्यात तीन दिवस पुरे. एक दिवस शंभर-शंभर मीटर दहा वेळा, मध्ये १५-२० सेकंद थांबून, सगळे शंभर एकाच वेगानं. पहिला दोन मिनिटांत आणि दहावा तीन मिनिटांत असं झालं तर पहिला चुकला असं समजा. एक दिवस तीनशे मीटर तीन वेळा, अगदी निवांत. तिसरा दिवस खाली सांगते त्या उद्योगांचा.

भिंतीला हात न लावता वळणं. शेवटच्या टी-आकाराच्या रेघेवर आलात की मागे फिरा, पाय टेकू नका, ढकलू नका. थांबलेल्या अंगाला पुन्हा वेग देणं किती जड जातं ते पहिल्या दिवशीच कळतं. असे चारशे मीटर झाले की तलावाचे निम्मे कष्ट पूलमध्येच होऊन गेले.

डोळे मिटून पोहणं. लेन रिकामी असताना, बाजूला कुणाला उभं करून, दहा स्ट्रोक डोळे मिटून मारा आणि उघडा. कुठल्या दोरीला चिकटलात ते पाहा. जवळपास प्रत्येक जण एका बाजूला सरकतो, बहुधा ज्या बाजूला श्वास घेतो त्या हिशेबानं. तुमची बाजू कोणती ते माहीत असलं की तलावात चूक कुठल्या दिशेनं होणार हे आधीच ठाऊक असतं. दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला शिकलात तर सरकणं कमी होतं. शिवाय एका बाजूनं कुणी पाणी उडवत असेल, ऊन येत असेल, तर दुसरी बाजू हाताशी राहते.

नजर टाकणं. याला मी सगळ्यात जास्त वेळ देते. बोया, म्हणजे मार्ग दाखवायला पाण्यावर सोडलेला मोठा फुगा, शोधायला मान वर काढून दोन सेकंद बघत बसलात की पाय बुडाले, वेग गेला. करायचं ते असं: एक हात पुढे पाण्यात शिरला की त्याच्या तळव्यानं पाणी हलकंच खाली दाबा, आणि फक्त डोळे पाण्याबाहेर येतील एवढंच डोकं वर न्या. नाक पाण्यातच. समोर बघा, आणि त्याच दमात मान बाजूला वळवून नेहमीसारखा श्वास घ्या. समोर बघताना श्वास घ्यायचा नाही, लाटेचं पाणी थेट तोंडात येतं. एका नजरेत बोया दिसला नाही तर थांबू नका, दोन-तीन स्ट्रोकनंतर पुन्हा टाका. साधारण सहा ते आठ स्ट्रोकला एकदा नजर पुरते. पूलच्या टोकाला चमकदार रंगाची बाटली ठेवा आणि दर लांबीत दोनदा ती बघा. काही वेळा बाटली कुणीतरी गुपचूप हलवायची. आमच्या बॅचमध्ये हे काम लहान मुलं फार आनंदानं करतात.

गर्दी. एका लेनमध्ये चौघं-पाच जण एकदम सुटा. पायाला हात लागेल, खांद्याला खांदा घासेल, कुणाचा तरी हात गॉगलवर बसेल. त्यासाठीच हे करायचं. नखं कापून या. गॉगलमध्ये मुद्दाम थोडं पाणी घेऊन शंभर मीटर पोहा. मग पाण्यातच उताणं होऊन गॉगल रिकामा करून पुन्हा लावा. हे एकदा जमलं की गॉगल सुटला तरी घाबरायला होत नाही.

आणि उताणं पडणं. कंटाळवाणं वाटतं, पण करा. कान पाण्यात, हनुवटी वर, पोट वर, हात पसरलेले, आणि पाच लांब श्वास. मग पोटावर वळून दोन-चार ब्रेस्टस्ट्रोक, मग फ्रीस्टाइल. हीच साखळी तलावात जीव घाबरा झाला की वापरायची आहे, त्यामुळे ती झोपेत जमली पाहिजे. ट्रायथलॉनमध्ये कुठलाही स्ट्रोक चालतो. ब्रेस्टस्ट्रोक मारला म्हणून कुणी बाद करत नाही. सगळं अंतर ब्रेस्टस्ट्रोकनं गेलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि त्या शेवटच्याही नव्हत्या.

कुठल्या पाण्यात

नागपूरला तलावांची कमी नाही. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर. पण टॉवेल खांद्यावर टाकला आणि उतरलो, असा यातला एकही नाही. गोरेवाड्याचं पाणी पिण्याला जातं, तिथे विचारही नको. शहराच्या मधल्या तलावांत काय काय येऊन मिळतं ते नाकालाच कळतं. जिथे वर्षानुवर्षं विसर्जन झालंय तिथे गाळात मूर्तींच्या सळ्या आणि लाकडी पाट असतात. अंबाझरीत बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पेंचच्या जलाशयाचं पाणी बघून मोह होतो, पण तो व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि तिथे मगरी आहेत. रामटेकजवळच्या खिंडसीत नौकाविहार चालतो, पण पोहायचं तर तिथेही आधी विचारावं लागतं.

म्हणून नियम असा: तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी, सोबत अनुभवी प्रशिक्षक, पाण्यात होडी किंवा कयाक, आणि काठावर फोन घेऊन बसलेला एक माणूस. शहरात लांब पोहणाऱ्यांचे गट आहेत, त्यांच्या ठरलेल्या सत्रांना जोडून घ्या. एकट्यानं कधीच नाही, कितीही चांगले पोहत असलात तरी. कमरेला भडक केशरी टो-फ्लोट, म्हणजे मागे तरंगत येणारी हवेची पिशवी, बांधा. होडीतून तो लांबून दिसतो आणि दमलात तर त्यावर हात टेकता येतात. स्पर्धेत तो बहुधा चालत नाही, म्हणून शेवटची एक-दोन सत्रं होडी शेजारी ठेवून त्याच्याशिवाय करा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा खरा मोसम. पावसाळ्यात उतरू नका, आणि अवकाळी जोराचा पाऊस झाला तर पुढचे काही दिवस तलाव विसरा. वाहून आलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे आजार येतात, अंगावर जखम असेल तर जास्तच. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग, रंग सांडल्यासारखा, दिसला तर परत फिरा. जलपर्णीच्या जवळ जाऊ नका. तिची मुळं पायात अडकली की माणूस झटापट करतो आणि आणखी गुंततो. अडकलातच तर पाय हलवायचे थांबवा, उताणे व्हा, हातांनी हळूहळू मागे या. आकाशात गडगडलं की सगळे बाहेर.

पहिल्या दिवशी पोहायचंच नाही, असं मी सांगते आणि कुणाला पटत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, चेहऱ्यावर, मानेवर पाणी मारायचं, तोंड बुडवून बुडबुड करायची. डिसेंबरच्या सकाळी गार पाण्यात एकदम शिरलं की छाती आपोआप जोरात श्वास ओढते. ते तुमच्या हातात नसतं, पण मिनिट-दोन मिनिटांत ओसरतं. ओसरेपर्यंत थांबायचं, एवढंच हातात असतं. मग काठाला समांतर, छातीएवढ्या पाण्याच्या आसपास, पन्नास मीटर जा आणि या. दुसऱ्या सत्रात दोनशे. तिसऱ्या-चौथ्यात बोयापर्यंत. त्या शिक्षिकाबाईंना मी एक काम दिलं होतं: तळ शोधायचा नाही, स्वतःचे बुडबुडे बघायचे. गढूळ पाण्यातही ते दिसतात. दुसऱ्या सत्रात त्या होडीला वळसा घालून आल्या.

सामान

वेटसूटवर, म्हणजे गार पाण्यात अंग गरम ठेवणाऱ्या रबरी पोशाखावर, पैसे घालू नका. वर्ल्ड ट्रायथलॉन या जागतिक संघटनेच्या नियमांत हौशी गटाला १,५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंश किंवा त्याहून गरम असेल तर वेटसूट चालतच नाही, आणि आपल्याकडचं पाणी बहुतेक वेळा त्याच्या वरच असतं. तिन्ही टप्प्यांत अंगावर राहणारा ट्रायसूट घ्या, आणि तो घालून आधी पोहा, सायकल चालवा, पळा. काखेत, मानेवर कुठे घासतो ते तेव्हाच कळेल. तिथे व्हॅसलीन, पण बोटं पुसून मगच गॉगलला हात लावा. गॉगल दोन: एक गडद किंवा आरशाच्या काचेचा, एक साधा. सकाळी पहिला बोया पूर्वेला असला तर साध्या गॉगलातून फक्त चकाकी दिसते. गॉगलचा पट्टा टोपीच्या आत घाला, म्हणजे कुणाचा हात बसला तरी तो डोक्यावरून निघत नाही. टायमिंगची चिप डाव्या घोट्याला, कारण सायकलची चेन उजवीकडे असते.

गोव्याच्या ७०.३ आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहून आलेले मित्र तुम्हाला धीर देतील, "पाणीच उचलून धरते ना!" ते खाऱ्या पाण्याचं. तलावाचं गोडं पाणी तेवढं उचलत नाही, पाय जास्त खाली जातात. त्यांच्या धीराचा उपयोग करून घ्या, हिशेबाचा नको.

स्पर्धेची सकाळ

आदल्या रात्री सावजी नाही. सकाळी तर्री-पोहेही नाही. पोहायच्या दोन-अडीच तास आधी साधे पोहे, केळं किंवा ब्रेड-जाम, जे सरावाच्या दिवशी खाऊन पचलंय तेच. संत्र्याचा रसही नंतर. आडवं होऊन पोहताना तो घशाशी येतो.

काठावर लवकर पोचा आणि पाण्याकडे बघत उभे राहा. बोये किती, कुठल्या बाजूनं वळायचं, बाहेर कुठून यायचं. बोया पाण्याच्या पातळीवरून फार लहान दिसतो, लाटेमागे लपतो. त्याच्या मागे काठावरचं काहीतरी मोठं हेरून ठेवा: पाण्याची टाकी, देवळाचा कळस, उंच झाड. एका स्पर्धेत वाऱ्यानं बोयाच सरकला होता, तेव्हा आयोजकांना विचारून मार्ग पुन्हा समजून घ्यावा लागला. ब्रीफिंग ऐका, मागे उभे राहून सेल्फी काढू नका.

चेहरा भिजवा, पाण्यात बुडबुड करा, परवानगी असेल तर शंभर मीटर पोहून या. सुरुवातीला सगळ्यात मागे किंवा एका कडेला उभे राहा. शिट्टी झाली की दहा आकडे मोजा, पुढच्यांना जाऊ द्या. गमावले दहा सेकंद, वाचली लाथाबुक्की. पहिले शंभर मीटर इतके हळू जा की तुम्हाला स्वतःला राग आला पाहिजे. 'हुंऽऽ' चालू ठेवा. पायांना काम कमी द्या, ते पुढे सायकलला लागणार आहेत.

तरी धाप लागलीच तर उताणे व्हा, पाच श्वास, ब्रेस्टस्ट्रोक, पुन्हा फ्रीस्टाइल. बोया किंवा थांबलेली होडी धरून विश्रांती घेता येते, तिच्या आधारानं पुढे सरकायचं नाही एवढंच. खरोखर मदत हवी असेल तर हात उभा करा आणि ओरडा. खोकला येऊन तोंडात फेस किंवा लालसर थुंकी आली, छातीत दुखलं, तर त्या दिवशीची स्पर्धा तिथे संपली, होडीत चढा आणि डॉक्टरांना दाखवा.

दम बसला की पुढच्या माणसाच्या पायांमागे हातभर अंतर ठेवून पोहा. पोहण्यात हे नियमात बसतं आणि बरीच ताकद वाचते. पण नजर स्वतःचीही टाकत राहा, पुढचा चुकीच्या बोयाकडे निघालेला असू शकतो. वळणावर सगळे बोयाला चिकटायला धडपडतात. दोन-तीन मीटर बाहेरून फिरा.

शेवटच्या पन्नास मीटरांत पाय जरा जोरात मारा, त्यांच्यात रक्त फिरू द्या. हात तळाच्या गाळाला लागेपर्यंत पोहत राहा. आधीच उभे राहिलात तर काळ्या चिखलात गुडघाभर रुताल. उठताना सावकाश, बराच वेळ आडवं राहून एकदम उभं राहिलं की गरगरतं. पूलमध्ये दोनशे मीटर पोहून शिडीनं वर येऊन लगेच चालायचा सराव याच कारणासाठी. चालता चालता गॉगल आणि टोपी काढा, दोन्ही एका हातात. ट्रांझिशनमध्ये, म्हणजे सायकल ठेवलेल्या जागी, पाय पुसून मोजे घाला, चिखलाचे खडे बुटात राहिले तर पाच किलोमीटर पळताना आठवण होते. तिथून पुढची सायकल शिकवायला आमच्या गटात दुसरा माणूस आहे, त्याला विचारा.